गाडीची खांद

ड्रायव्हरले सुटी असते असं जो म्हणल, त्याले एक डाव माह्या गाडीखाली झोपवा. पाठीखाली ओला बारदाना, तोंडावर टपटप काळं तेल, कानात माती. हेच आमची सुटी! गाडी रस्त्यावर चालली का सेठाची, नि खोळंबली का टिकारामची. माही बायको रुख्मा म्हणते, "तुमी घरी आले तरी मले तुमचे पायच दिसतात. तोंड पाहाचं असलं तं वाकून पाहा लागते." तिचं खोटं नाही. पण राग येते. कोणाकोणाचा येते ते सांगतो, आयका.

मी टिकाराम. गोंदियाच्या अंगाले फुलचुरले राहतो. गाडी चुन्नीलाल सेठाची. सेठाची धानाची मिल आहे. लढाई सरल्यावर मिल्ट्रीच्या मोटारी लिलावात निघाल्या, त्यातली एक सेठानं उचलली, नि तिच्यासंगं मलेही उचललं. रस्त्यानं हाकणारा मीच, नि खाड्याच्या दिवशी माह्याच आंगणात ठोकळ्यावर चढवून तिचं हागणं-मुतणं काढणाराही मीच. मिस्त्री लावला तं त्याले रोजी द्या लागते, टिकाराम तं फुकटच आहे. सेठ चार लोकात सांगे, "टिकाराम को गाड़ी से बहुत प्यार है." प्यार! अरे, पाठ कोणाची दुखते?

त्या सालच्या पोळ्याच्या तोंडावर गाडीचे ब्रेक पार गेले होते. चाकाच्या आत लोखंडाचा डरम असते, नि त्या डरमाले आतून दाबून गाडी थांबवणारे शू असतात. शूवर लायनरचे पट्टे रिपिटाच्या खिळ्यायनं ठोकले असतात. ते लायनर घासून घासून खालच्या रिपिटा वर आल्या होत्या. ब्रेक मारला का डरम असा किंचाळे का रस्त्यावरचे कुत्रे पळत. सेठाले उन्हाळ्यापासून सांगून राहिलो होतो. उन्हाळ्यात म्हणे पावसाळ्यात पाहू, पावसाळ्यात म्हणे दसऱ्याले पाहू. शेवटी कामठ्याच्या तलावाच्या पाळीवरून उतरताना गाडी माह्या हातातून सुटता सुटता राहिली, तेव्हा कुठी सेठानं नवे लायनर आणून देले.

तो उतार ध्यानात ठेवा. कामठ्याले जाताना रस्ता तलावाच्या पाळीवरून जाते, नि पाळ सरली का सरळ खाली गावाच्या आखरावर उतरते. तिथंच ढोरं जमतात, नि पोळ्याचं तोरणही तिथंच बांधतात.

मी काम करो तेव्हा बा आंगणात खाटेवर बसून पाहे. बा म्हणजे माहा बाप उदाराम, सौंदडचा कास्तकार. आमच्या आज्या-पणज्यांनी त्या भागात तलाव बांधले, मातीचं नि पाण्याचं त्यायले कोणाले विचारा नाही लागे. बापाशी मात्र आता काहीच नव्हतं उरलं. त्याच्या आदल्या साली ढोरायवर बुळकांडी आली, नि त्याचे दोन्ही बैल, पाखऱ्या नि चांद्या, एकामागं एक गेले. माय तं आधीच गेली होती. वावर मोठ्या भावानं सांभाळलं नि बाले मी फुलचुरले आणलं. बैलाशिवाय त्याचा हा पहिलाच पोळा होता. दिवसभर गुमसुम बसे. गाडीलेच पाखऱ्या म्हणे, सकाळी उठला का तिच्या बॉनेटवरून हात फिरवे. मी म्हणो, "बा, ते लोखंड आहे." तं म्हणे, "वजन वाहते ना? मंग?"

पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी गाडीचे सगळे चाकं काढून मी जुने लायनर खरवडून राहिलो होतो. बानं एक शू हातात घेतला.

"हे काऊन असं सोललं बे, टिका?"

"गाडीची खांद आहे ते," मी म्हणलं. कामाच्या घाईत तोंडात आलं ते बोललो. "सप्पा वजन ह्याच्यावरच तोलते. सोलल नाही तं काय?"

बानं त्याच्यावरून बोट फिरवलं. "बिचाऱ्याले सांगताही येत नाही," म्हणे. मी काही ध्यान देलं नाही.

दुपारपर्यंत नवे लायनर ठोकून मी शू जागेवर बसवले. डरम नि चाकं चढवाचे तेवढे राहिले होते. तेवढ्यात मिलचा एक हमाल निरोप घेऊन आला का सेठानं आत्ताच्या आत्ता बोलावलं आहे. हातपाय न धुताच निघालो.

मिलवर सेठ गादीवर बसून पान लावून राहिला होता. बाजूले उमराव उभा. उमराव सेठाच्या दुसऱ्या गाडीचा ड्रायव्हर, कामठ्याचा गडी, माह्यापेक्षा वयानं लहान. त्याची गाडी इंजन उतरवून पडली होती, म्हणून तो मोकळाच फिरे नि सेठाच्या पुढं-मागं करे.

"मालधक्के पर नमक की वैगन लगी है," सेठ म्हणे. "बारिश में नमक बह जाएगा. कल सुबह भरो और कामठा की दुकान में उतार दो."

"सेठ, उद्या पोळा आहे."

"पोला बैल का होता है. मोटर का कब से होने लगा?"

"मोटारीचा नसन, हाकणाऱ्याचा तं आहे! उद्या कोणी बैलाच्या खांद्यावर जू नाही ठेवत सेठ. माणसाच्या कायले ठेवता?"

"तू बैल है क्या?"

गादीपासचे सप्पा खीं-खीं करून हसले. उमरावही हसला. माह्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बैल असतो तं बरं झालं असतं! आज कोणी माही खांद शेकली असती, उद्या पुरणपोळी चारली असती. वर्षभर तुमचा माल वाहतो, रातभर चिखलात रुततो, नि सणाच्या दिवशी घरी बसाचं म्हणलं तं तुमाले पोटात दुखते! नि गाडी तं उठतच नाही. ब्रेक खोलले आहेत. दोन दिवसाचं काम आहे."

दोन दिवस मी वाढवून बोललो. पोळ्याचा दिवस निघून जावा एवढंच मनात होतं. उमरावनं तिथल्या तिथं पकडलं.

"लायनर ठोकून झाले का टिकारामभाऊ?"

"झाले."

"मंग दोन दिवस कायचे? डरम चढवले का गाडी तयार."

सेठानं मांडीवर थाप मारली. "देखा? पोला मनाने के लिए झूठ बोलता है."

"झूठ तं झूठ!" मी ओरडलो. सगळी मिल आयकून राहिली होती. "उद्या माही गाडी रस्त्यावर निघाली तं पाहून घेईन एकेकाले!" नि पाठ फिरवून निघालो.

घरी नाही गेलो. तसल्या डोक्यानं गेलो असतो तं रुख्माचं एखादं गाडगं फुटलं असतं. नाक्यावरच्या हॉटेलात जाऊन बसलो. खाड्याच्या दिवशी आमच्या लोकायचा दरबार तिथंच भरते. कोणी न्हाव्यापुढं मान वाकवून बसला होता, कोणी ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधून राहिला होता. स्टेपनीवर फळी टाकून पत्ते चालू होते. रायपूरकडचा एक ड्रायव्हर गाडीच्या सावलीत चूल मांडून भात रांधून राहिला होता, नि भाताकडं कमी नि आपल्या टायराकडं जास्त पाहून राहिला होता. सप्पा आपापल्या सेठाच्या नावानं बोटं मोडून राहिले होते. मी जाऊन बसलो नि सगळ्यायच्या वरताण मोडली. चहा पेलो, पुन्हा पेलो, पत्त्यात हरलो, त्याचाही राग आला.

दिवस मावळता मावळता घरी आलो तं आंगणात नुसते ठोकळे पडले होते. गाडी नव्हती.

"उमराव आला होता," रुख्मा म्हणे. "मिलचे माणसं होते संगं. धावतपळत डरम चढवले, चाकं आवळले, हांडल मारला नि नेली. मी म्हणलं ते घरी नाहीत. तं म्हणे गाडी सेठाची आहे, त्यायची नाही."

बा खाटेवर बसला होता, नि कित्येक दिवसांनी त्याच्या तोंडावर हसू होतं. इकडं मी जळून राहिलो नि म्हातारा हसून राहिला! न जेवताच अंथरूण धरलं.

पोळ्याच्या सकाळी रुख्मानं पुरण शिजवाले टाकलं, दाराशी पळसाच्या फांद्यायचे मेढे खोवले. मंग तुपाची बरणी काढाले गेली नि तिथूनच ओरडली.

"अवो, तूप कुठी गेलं? सणासाठी केवढं जमवलं होतं मी! मांजरानं खाल्लं म्हणावं तं झाकण जागच्या जागी आहे."

"मी घेतलं," बा म्हणे.

"कायले, मामाजी?"

"काल पाखऱ्याची खांद नव्हती का शेकाची?"

रुख्मानं माह्याकडं पाह्यलं, मी बाच्याकडं. आमच्याकडं पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांद शेकतात. जू घासून जिथं कातडं सोललं असते तिथं गरम पाण्यानं शेकाचं, मंग पळसाच्या पानानं हळद नि तूप चोळून चोळून जिरवाचं, नि बैलाच्या कानात सांगाचं, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये." हे सप्पा बैलाले.

"बा," मी हळूच विचारलं, "तूप कुठी लावलं?"

"कुठी म्हणजे? खांदीले. तूच तं दाखवली ना काल. तू मिलवर गेला नि मी बसलो. सगळ्या चाकायच्या आतून लावलं. त्या डरमालेही आतून लावलं, त्याच्यात तं नुसत्या चऱ्या पडल्या होत्या रे. चांगलं जिरवलं. कोरडं ठणठणीत होतं बिचारं, सप्पा पिऊन घेतलं त्यानं. नि आवतनही देऊन ठेवलं."

"उमरावले सांगतलं?"

"सांगतलं ना. खांद शेकून ठेवली म्हणलं. तो हसला."

हसला! हसणारच ना. हळद दिसली असन त्याले, पण ड्रायव्हर लोक गाडीले कुठंही हळद-कुंकू लावतात, त्याचं कोणाले काय वाटते? नि तूप तं लायनरमधी जिरलं होतं. आता ब्रेक मारला का शू डरमाले धरणार नाही, नुसता घसरत राहील. सपाट रस्त्यानं मिलपर्यंत हळूहळू नेताना ते समजत नाही. पण मिठाचे पोते लादून, वर हमाल बसवून, कामठ्याच्या पाळीवरून खाली? नि खाली आखरावर अख्खं गाव, शिंगं रंगवलेले बैल, नि बैलायच्या पायात घुटमळणारे लेकरं.

सायकल काढली नि सुटलो. रुख्मा मागून काय ओरडली ते आयकलं नाही. रस्ताभर माह्या तोंडाले दम नव्हता. सेठाले शिव्या, उमरावले शिव्या, बाले, लायनरले, तुपाले, त्या तूप देणाऱ्या म्हशीलेही देल्या. सायकलची साखळी उतरली तं तिलेही देल्या नि हातानं चढवून पुन्हा सुटलो.

गाडी मिलच्या आंगणात भरून उभी होती. मालधक्क्यावरून मीठ आणलं होतं नि वरून ताडपत्री बांधणं चालू होतं. हमाल पोत्यावर चढून बसले होते, उमराव स्टेअरिंगवर होता. मी सायकल गाडीपुढं आडवी फेकली.

"उतर खाली! ब्रेकात तूप आहे!"

एक जण हसला, नि त्याच्यामागं सगळेच. सेठ तं पोट धरून हसला.

"कल बैल, आज घी! अब बोलेगा साइलेंसर में पूरणपोली है!"

"सेठ, हसू नका. माह्या बानं गाडीची खांद शेकली. मायची आण घेऊन सांगतो. हळद-तूप चोळलं आहे आतून. डरम खोलून पाहा!"

"पोला, पोला, पोला! तेरी खोपड़ी में पोला घुस गया है. हट सामने से!"

"उमराव, तुले तं समजते ना बाप्पा? ब्रेक कसा लागते सांग."

"ढिला लागते," उमराव म्हणे. "पण नवे लायनर आहेत. बसाले वेळ लागते, हे तूच शिकवलं मले. काल म्हणे दोन दिवसाचं काम, मी आलो नि गाडी उठवली. आता म्हणते तूप! तुह्या कोणत्या बोलण्यावर इस्वास ठेवू?"

त्याचं चुकलं नव्हतं. नवे लायनर पहिले पहिले धरत नाहीत, कोणताही ड्रायव्हर हेच म्हणल. मीही म्हणलं असतं. नि काल मी खोटं बोललो होतो हेही खरं. गाडीच्या बंपरवर डोकं आपटावं असं वाटलं.

"बरं," मी म्हणलं. "आज तुमच्या घरचे बैल कुठी उभे राहतील, उमराव?"

"आखरावर. कुठी राहतील?"

"कोण धरल?"

"बाबा धरल. काऊन?"

"मंग ब्रेक पाळीवर नको पाहू. इथंच पाहा. पुढं तो कोंड्याचा ढीग आहे. दुसऱ्या गिअरमधी जोर दे, नि त्या खांबापाशी ब्रेक मार. गाडी थांबली तं माहं तोंड काळं करून गोंदियाभर फिरव. मी हू का चू करणार नाही."

"टाइम खराब मत कर!" सेठ ओरडला.

"तुमीही बसा ना सेठ, केबिनमधी! मी खोटा आहो ना? मंग खोट्याचं तुमाले काय भेव?"

हमाल हसाचे थांबले. सगळ्यायच्या नजरा सेठावर. सेठाले आता मागं जाता येईना. धोतर सावरत, पुटपुटत तो केबिनमधी चढला. मी हमालायले ओरडून ओरडून खाली उतरवलं. ते कुरकुरत उतरले.

उमरावनं गाडी सोडली. सरळ मनानं सोडली, मले खोटं पाडाले जोर देऊन सोडली. खांब आला. त्याचा गुडघा वर आला नि खाली गेला, ते मले दिसलं. गाडीले त्याचं काही नव्हतं. गुडघा पुन्हा वर आला, पुन्हा खाली. सेठाचा आवाज आला, "अरे रोक! रोक! अरे रोक ना!" नि गाडी नाकासगट ढिगात घुसली. धानाच्या कोंड्याचा हा एवढा डोंगर. कोंडा असा उडाला का थोडा वेळ गाडीही दिसेना.

कोंडा खाली बसला तेव्हा सेठ दार ढकलून बाहेर आला. मिशीत कोंडा, कानात कोंडा, तोंडात कोंडा. कोणी हसलं नाही. मंग चाकायपाशी वास आला, गरम तुपाचा नि हळदीचा, शेजारच्या घरी सणाचं तळण निघावं तसा. एका हमालानं वर पोत्यायकडं पाह्यलं. त्याची जागा पोत्यायच्या अगदी वर होती.

उमराव उतरला. पुढच्या चाकापाशी गेला, मागून ओघळून आलेलं पिवळं बोटावर घेतलं नि हुंगलं.

"बाबा आखरावर असन," एवढंच बोलला. मंग सेठाकडं न पाहता म्हणे, "मी घरी चाललो. पोळा आहे." नि पायीच फाटकाबाहेर निघून गेला.

मले वाटलं, आता सेठ काही तरी बोलल. चांगलं नाही तं नाही, निदान चूप राहील. सेठानं जिभेवरचा कोंडा बोटानं काढला.

"तेरे बाप ने मेरी गाड़ी खराब की," म्हणे. "कल से मत आना."

"अन् मी आलो नसतो तं? लोकं मेले असते सेठ!"

"मरे तो नहीं ना?"

खरंच असं म्हणला तो. मेले नाहीत ना, मंग काय झालं! मी काय काय बोललो ते बायामाणसात सांगण्यासारखं नाही. त्याच्या सात पिढ्या काढल्या. पण बोलून काय होते? गाडी त्याची, मिल त्याची, नि फाटकाचा चौकीदारही त्याचाच. त्यानं माही सायकल उचलून बाहेर ठेवली नि फाटक लावलं.

घरी आलो तं बा आंगणात उभा. धुतलेलं धोतर, डोक्याले पटका. हातात सूप, नि सुपात पुरणपोळी, भात, वरून झेंडूचं फूल. काल जिथं गाडीचे ठोकळे होते तिथंच उभा होता.

"कुठी आहे पाखऱ्या?" म्हणे. "आवतन देलं होतं. कवाची वाट पाहून राहिलो."

मंग माहा बांध फुटला. सेठापुढं जे अडलं होतं तेही सप्पा बाहेर आलं.

"पाखऱ्या मेला तुहा! गेल्या साली मेला! ते लोखंड आहे, लोखंड! तुह्या तुपानं आज लेकरं मेले असते, बैल मेले असते, हमाल मेले असते! माही नौकरी गेली, समजलं? निकामी म्हातारा! घरातली पिडा आहे नुसती!"

बानं सूप खाली ठेवलं. एकदम हळू ठेवलं, फूल पडू नये म्हणून.

"माणसं वाचले ना?" त्यानं विचारलं.

"वाचले."

"मंग बरं," म्हणे, नि खाटेवर जाऊन भिंतीकडं तोंड करून बसला.

रुख्मा चुलीपासून उठून आली. पदर कमरेले खोचलेला, हातात उलथनं. "सेठाच्या तोंडावर नाही निघालं ते बुढ्याच्या तोंडावर काढता? त्यायनं सेठासारखं जाणून केलं का काही?"

ते खरं होतं, म्हणून तं अजून राग आला. तिलेही दोन शब्द आयकवले. त्या दिवशी आमच्या घरी पुरण कोणी खाल्लं नाही. संध्याकाळी डफडी वाजली, गावचे बैल आमच्या दारावरून तोरणाकडं गेले. घुंगरांचा आवाज आला तसा बा थोडा हलला. पण उठला नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच मारबत, म्हणजे पिडा नेणारं बाहुलं, निघते. दारातले पळसाचे मेढे उपटाचे, मारबतीसंगं गावाच्या शिवेवर नेऊन फेकाचे, नि घरातली, गावातली जी काही पिडा असन तिचं नाव घेऊन ओरडाचं का हे घेऊन जा. लहान-मोठे सप्पा ओरडतात. मी जाणार नव्हतो. पण पाहतो तं बा आमच्या दारातला मेढा उपटून लोकायसंगं निघालाही होता. कालपासून पोटात अन्न नाही नि म्हातारा भराभर चालून राहिला. मी मागं निघालो.

शिवेवर गर्दी होती. एक जण ओरडे नि मागून गाव साथ दे.

"खासी-खोकला!"

"घेऊन जा गे मारबत!"

"ढेकूण-मच्छर!"

"घेऊन जा गे मारबत!"

मले बरं वाटलं. मनात आलं आपणही ओरडावं, चुन्नीलालचं नाव घ्यावं, मोठ्यानं घ्यावं. तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात पुढून बाचा आवाज आला. चिरका, पण सगळ्यायच्या वर.

"निकामी म्हातारा!"

लोक हसले. त्यायले वाटलं बुढ्यानं मजाक केली. नि सवयीनं सगळं गाव ओरडलं, "घेऊन जा गे मारबत!"

बा हसत नव्हता. त्याच्या मानेच्या शिरा ताणल्या होत्या, मेढा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

"घरातली पिडा!" तो ओरडला.

"घेऊन जा गे मारबत!"

मी लोकायले ढकलत, पाय तुडवत त्याच्यापर्यंत गेलो नि त्याच्या तोंडावर हात दाबला. माह्या हाताचा तो काळा, ग्रीसचा पंजा. तरी तो थांबेना. हाताच्या आतून ओरडतच राहिला, नि मागून गाव साथ देतच राहिलं.

"नाही नेत!" मी सगळ्या गावावर ओरडलो. "आयकलं का? याले नाही नेत!"

डफडी थांबली. लोक पाहाले लागले. बाच्या डोळ्यातल्या पाण्यानं माहा पंजा ओला झाला होता. त्याच्या हातातला मेढा मी हिसकला, चुन्नीलालचं नाव घेऊन शिवेपार फेकला, नि बाले खांद्याले धरून घरी आणलं.